आधी बेतावे, मग शिवावे : शाळेतील साधनांच्या इतिहासाचा धडा

यंदाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य प्राथमिक शिक्षकाच्या पेशात गेले असल्याने ती आज्ञा मोडणे शक्य नव्हते. शिवाय या विषयाला एक तातडीचे कारणही आहे. आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून विठ्ठलवाडी परिसरातील शाळांना विद्युत्‌-फळे, म्हणजे ज्यांना हल्ली स्मार्ट बोर्ड म्हणतात ते, भेट द्यावेत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ठराव आणणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु अशा भेटी यापूर्वीही अनेकांनी अनेक शाळांना दिल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून हात वर करणे योग्य होणार नाही. म्हणून हे सिंहावलोकन.

आपण नामदेवांच्या कुळातले. सुई, कात्री आणि गज हे आपले मूळ धन. शिलाईच्या धंद्यात एक नियम आहे, तो आपल्या घरातील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतो : आधी माप, मग बेत, मग कात्री, आणि सर्वांत शेवटी सुई. कापड कितीही उंची असो, बेतण्यात चूक झाली तर ते वाया गेलेच. मराठीत योजनेला 'बेत' म्हणतात आणि कापड मापाने कापण्यालाही 'बेतणे' म्हणतात, हा शब्दांचा योग आपल्या ज्ञातीने तरी विसरू नये.

धूळपाटी ते फळा

जुन्या पंतोजींच्या शाळेत साधन म्हणजे लाकडी फळी आणि तीवर पसरलेली बारीक धूळ. तीत मुलाने बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, पुसावयाचे, पुन्हा काढावयाचे. पुढे बोरू, शाई आणि मोडीचे कित्ते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांच्या उजळणीला तर साधनच लागत नसे. कंठ हेच साधन. ही व्यवस्था अपुरी होती, बहुजनांच्या मुलांना व मुलींना तीत जवळजवळ स्थान नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिची साधने गावातच मिळत आणि गावातच दुरुस्त होत.

या धूळपाटीचा प्रवास मोठा नवलाचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिली. त्यांनी ती रीत उचलली, थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे ही पद्धत तिला जोडली, आणि १७९७ मध्ये तिचे वर्णन इंग्लंडात छापले. इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळा त्या पद्धतीवर चालल्या. म्हणजे जगाला शिक्षणाचे एक साधन पुरविण्याचे काम आपल्या देशातील धुळीने केले आहे.

मुंबई इलाख्यात नव्या शिक्षणाचा आरंभ १८२२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने केला. हीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. एल्फिन्स्टनसाहेबांचे तिला पाठबळ होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्यासारख्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणविली आणि ती शिळाप्रेसवर छापून निघाली. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या मंडळींनी केवळ पुस्तके छापून जिल्ह्यांत धाडली नाहीत. आधी मुंबईत मास्तर तयार केले आणि मग त्यांना बाहेरगावी पाठविले. साधन आणि साधन वापरणारा या दोहोंची तरतूद एकाच वेळी झाली, म्हणूनच ते काम मूळ धरून राहिले.

त्याच काळातील नव्या शाळांबरोबर फळा आणि दगडी पाटी आली. आज आपल्याला फळा ही अगदी सामान्य वस्तू वाटते. परंतु दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले वर्गातील यंत्र कोणते, असे विचारल्यास उत्तर फळा हेच आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य साधे आहे. रंग उडाला तर मुलेच कोळसा कुटून, पाल्याच्या रसात कालवून तो पुन्हा काळा करीत. खडू संपला तर वाण्याकडे मिळे. आणि मुख्य म्हणजे तो वापरण्यास कोणाची परवानगी लागत नसे.

आपल्या घरातील यंत्र

शाळेत यंत्र येण्यापूर्वी ते आपल्या ज्ञातीच्या घरात आले होते. शिलाईयंत्राचा इतिहास सुरू झाला तो दंग्याने. पॅरिसमध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने लष्करी गणवेश शिवण्यासाठी यंत्रांचा कारखाना काढला, तेव्हा १८३१ मध्ये पोट मारले जाईल या भीतीने तेथील शिंप्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियस हौ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपापल्या यंत्राचे हक्क नोंदविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगरची यंत्रे हिंदुस्थानात येऊ लागली, आणि १९३५ नंतर कलकत्त्यास 'उषा' हे देशी यंत्र तयार होऊ लागले.

माझ्या आजोबांनी हातमशीन हप्त्याने घेतले. वडिलांनी त्याला पायाचे टेबल जोडले. तेच यंत्र आजही माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी चालते. त्या यंत्राला तीन पिढ्यांचे आयुष्य लाभले, याचे कारण केवळ चांगले लोखंड हे नव्हे. सुई, बॉबिन आणि चामड्याचा पट्टा प्रत्येक बाजारात मिळे. दर रविवारी आई तेलाची कुप्पी घेऊन बसे. सायकलला पिशवी अडकवून फिरणारा कारागीर महिन्यातून एकदा आळीत येई. आणि यंत्र बिघडले तर दुसऱ्या दिवशीची चूल अडत असल्याने ते बिघडू न देण्याची काळजी सारे घर घेई. यंत्रामुळे शिंपी संपला नाही. टाका यंत्राने घातला; बेतणे मात्र माणसाकडेच राहिले.

आता याच मापाने शाळेतील यंत्रांकडे पाहू.

कुलूपबंद पेट्या

१९२७ मध्ये मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि पुढच्या दशकाच्या अखेरीपासून शाळांसाठी कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. कल्पना उत्तम होती. परंतु ज्या शाळांत वीज नाही आणि तासांचे वेळापत्रक नभोवाणीच्या वेळेशी जुळत नाही, तेथे तिचा लाभ कसा पोहोचावा?

त्यानंतरचा महत्त्वाचा प्रयोग उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शिक्षणविषयक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तथापि त्या प्रयोगाने दिलेला धडा सर्वांसाठी आहे. संच खेड्यांत बसविण्याबरोबरच त्यांच्या दुरुस्तीची यंत्रणा इस्रोने उभी केली होती, आणि हजारो प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानविषयक प्रशिक्षणही त्याच माध्यमातून झाले. म्हणून ते वर्ष फळास आले. मात्र वर्ष संपताच उसना उपग्रह परत गेला आणि पडदे काळे झाले. उसनवारीने उभारलेल्या कामाला शेवटची तारीख असते, हे तेव्हा दिसले.

पुढे आपला स्वतःचा इन्सॅट आला. १९८४ मध्ये पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली आणि तिने मराठी मुलांसाठी हजारो कार्यक्रम निर्माण केले. आज पन्नाशीत असलेल्या आपल्या कित्येक बंधुभगिनींना ते आठवत असतील. आर्थिक आधार आटत गेला आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. त्याच १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने सुमारे २५० माध्यमिक शाळांत विलायती बनावटीचे संगणक देऊन 'क्लास' नावाचा प्रयोग आरंभिला. यंत्र परदेशी, सूचनापुस्तक इंग्रजी. मुलांची आणि बहुतेक शिक्षकांची भाषा मात्र वेगळी.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. पृथ्वीगोल, नकाशे, विज्ञानपेटी हे सारे खेड्यापाड्यांतील शाळांत पोहोचले. शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या दुसऱ्या योजनेतून रेडिओ-कॅसेट यंत्रे आणि रंगीत दूरचित्रवाणी संचही आले.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तेथे असा एक संच आला. सरपंचांच्या हस्ते नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्याच दिवशी त्याची नोंद डेडस्टॉकच्या नोंदवहीत झाली. साहित्य मोडले किंवा हरवले तर ज्याच्या सहीने नोंद झाली त्याच्या पगारातून वसुली होईल, अशी भीती त्या काळी प्रत्येक शिक्षकाच्या मनात असे. सही माझी होती. मी संच कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली जानव्यासारखी जपली. शिंप्याचा मुलगा म्हणून त्याला निळ्या खादीचे, कडेला पांढरी पट्टी लावलेले एक सुरेख आवरणही शिवले. तपासणीच्या दिवशी संच बाहेर निघे आणि संध्याकाळी परत आत जाई. माझी बदली झाली तेव्हा आवरण धुऊन धुऊन विरले होते. संच मात्र कोरा होता.

या गोष्टीत दोष कोणाचा, हे मी पुष्कळ वर्षे स्वतःला विचारीत आलो. माझा भित्रेपणा तर होताच. परंतु ज्या वस्तूची नोंदच 'डेडस्टॉक' या नावाने होते, जिच्या दुरुस्तीस दमडी नाही, जी वापरणाऱ्यास शिक्षा आणि न वापरणाऱ्यास अभय, तिचे आणखी काय होणार? आईच्या शिलाईयंत्राची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. म्हणून ते जिवंत राहिले.

नवे शतक

सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह अवकाशात गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची शाळांसाठीची संगणक योजना जाहीर झाली. महाराष्ट्रात खासगी संस्थांशी पाच-पाच वर्षांचे करार करून अनेक माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष उभे राहिले. संगणक संस्थेचे, शिकविणारा माणूसही संस्थेचा. करार संपला की यंत्रे शाळेची, पण ती चालविणारा गेलेला. पुन्हा उसन्या उपग्रहाचीच कथा.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडले, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा, आणि तेथील शिक्षक श्री. संदीप गुंड. विजेची अडचण असलेल्या त्या लहानशा पाड्यावर शिक्षकाने स्वतः यंत्रज्ञान आत्मसात केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि शाळा संगणकीय साधनांनी चालू लागली. राज्यभरातून शिक्षक ती पाहावयास गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयानंतर लोकवर्गणीतून 'डिजिटल शाळा' करण्याची लाटच आली. लाटेत काही शाळा तरल्या आणि काही ठिकाणी केवळ पडदा उरला. फरक कशाने पडला? पष्टेपाड्यास आधी माणूस तयार होता, मग यंत्र आले. अन्यत्र आधी यंत्र आले आणि माणसाची वाट पाहत बसले.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून ते पान मोबाईलवरील ध्वनी व चित्रांशी जोडण्याचा प्रयोग केला. छापील पुस्तक तसेच राहिले. त्यास एक खिडकी जोडली गेली. २०१७ मध्ये केंद्राचा 'दीक्षा' मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांवरही अशा खुणा आल्या. डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे.

मग २०२० चा मार्च आला आणि महामारीने शाळांचे दरवाजे बंद झाले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका जुलैपासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. शिक्षकांनी मोबाईलवर धडे पाठविले. त्या दिवसांतील आपल्या घरांचे चित्र मी विसरू शकत नाही. दुकाने बंद, म्हणून घरोघरी मुखपट्ट्यांची शिलाई चाललेली. घरात मोबाईल एक. त्यावरच गिऱ्हाइकाची मागणी येणार, त्यावरच थोरल्या मुलीचा तास, त्यावरच धाकट्याचा गृहपाठ. बाप माल पोहोचवावयास गेला की शाळाही त्याच्या खिशातून निघून जाई. साधनाची किंमत तेव्हा कळली, आणि साधनाची मर्यादाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडू लागल्या, तेव्हा मुले धावली ती पडद्याकडे नव्हे, तर बाकाकडे आणि बाईंकडे.

जगाचा अनुभवही हाच आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर अहवाल काढला. त्याने विचारलेला मुख्य प्रश्न असा की, हे साधन कोणाच्या अटींवर वापरावयाचे? त्याच वर्षी स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने शाळांत छापील पाठ्यपुस्तके परत आणण्यासाठी निधी दिला. यंत्र टाकून द्या, असा याचा अर्थ नव्हे. यंत्राला त्याची जागा दाखवा, एवढाच अर्थ.

आपल्या परिसराचे माप

आता बेत करावयाचा तर माप आपलेच घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार तिच्या बराकींत उभे राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरचा पाया घातला गेला. वस्तीला 'कॅम्प' म्हणण्याची सवय आजही आहे. तिकडे अंबरनाथास कारखाने वाढले, बदलापूरकडे नवी वस्ती पसरली. त्यामुळे आपल्या टापूत एका रस्त्यावर मराठी, सिंधी, हिंदी आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांची मुले राहतात. एकाच भाषेतील पाठ भरलेले यंत्र येथे अर्ध्या मुलांना मुकेच राहील.

दुसरी गोष्ट कारभाराची. विठ्ठलवाडी कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेलगत. पुढे अंबरनाथ व बदलापूर येथील नगरपरिषदा, आणि त्यापलीकडील खेड्यांत जिल्हा परिषद. प्रत्येकाची योजना वेगळी, खरेदी वेगळी. एकाच दुरुस्ती-कारागिराने सर्वांची सोय होण्यासारखी असूनही तसा विचार सहसा होत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी वालधुनी आणि उल्हास यांच्या काठच्या वस्त्यांची काय दशा झाली, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगावयास नको. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, ती उल्हासेच्याच खोऱ्यात. ज्या शाळेचा संगणक-कक्ष तळमजल्यावर आणि विजेची बटणे गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिला यंत्र देणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी अंगणात कापड वाळत घालणे होय.

सभेपुढे विनंती

यावरून माझी ज्ञातिबांधवांना नम्र सूचना अशी आहे. दहा शाळांना एकेक यंत्र देण्यापेक्षा एक शाळा निवडावी आणि दहा वर्षांचा बेत करावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपले पालक त्या समितीत असतात. आपला बेत त्या आराखड्यात लिहिला जावा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी तो राहील.

निधीच्या प्रत्येक रुपयातील सहा आणे यंत्राला द्यावेत. चार आणे दुरुस्तीसाठी बँकेत ठेवावेत. चार आणे शिक्षकांच्या तयारीसाठी, तेही वर्षातून एकदा भाषण ठेवून नव्हे, तर दर महिन्यास बसून शिकण्यासाठी. उरलेले दोन आणे विजेच्या देयकासाठी आणि उंचावर बसविण्याच्या खर्चासाठी. शाळेकडून मात्र एक लेखी वचन घ्यावे : यंत्र वापरता वापरता बिघडले तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, भरपाई मंडळ देईल. या एका वाक्याने जितकी कुलपे उघडतील तितकी कोणत्याही उद्घाटनाने उघडणार नाहीत. आणि दर वर्षी सभेपुढे अहवाल यावा तो यंत्रे किती दिली याचा नव्हे, तर ती किती तास चालली आणि त्यामुळे कोणत्या मुलाला वाचता येऊ लागले, याचा.

दोन आक्षेप येतील. पहिला असा की, यंत्रे दर तीन-चार वर्षांनी बदलतात, मग दहा वर्षांचा बेत कशाला? उत्तर असे की, फॅशन दर वर्षी बदलते, म्हणून शिंपी माप घेणे सोडीत नाही. बेत यंत्राच्या नमुन्याचा करावयाचा नाही. मुलांच्या गरजेचा करावयाचा आहे. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, परंतु तोच खरा आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी बसते; दुरुस्तीच्या निधीवर आणि शिक्षकाच्या तयारीवर ती बसत नाही. आपल्या दात्यांनी हा मोह सोडावा, अशी हात जोडून विनंती आहे. कोटाला आतून लावलेले अस्तर कोणाला दिसत नाही. पण कोट अंगावर नीट बसतो तो त्या अस्तरामुळेच, हे शिंप्यावाचून अधिक कोणाला कळणार?

ज्या गावाच्या नावातच विठ्ठल आहे, तेथे नामदेवांच्या लेकरांनी शिक्षणाचे एक काम तरी शेवटच्या टाक्यापर्यंत नेऊन दाखवावे. माझ्या हातून जे कपाट बंद राहिले, ते तुमच्या हातून उघडावे, एवढीच इच्छा आहे.

इत्यलम्‌.